कोडगूच्या परसातील वेल

तलकावेरीची यात्रा करून आलेला मनुष्य तीर्थाचे वर्णन बाजूस ठेवून कोणाच्या तरी परसातल्या वेलीची हकीकत सांगू लागला, तर त्याच्या भाविकपणाविषयी ऐकणाऱ्यास शंका यावी हे साहजिकच आहे. आमच्याविषयी ती शंका प्रथम आमच्या आईनेच घेतली. कावेरीच्या पाण्याची बाटली तिच्या हाती दिल्यावर पाठोपाठ आम्ही पिशवीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चार काटक्या बाहेर काढल्या. तिने बाटली डोळ्यांना लावून देवघरात नेऊन ठेवली, आणि परत येऊन काटक्यांकडे बोट करीत विचारले, "आणि हे काय रे? ह्यासाठी इतक्या लांब गेला होतात?" त्या वेळी आम्हांस धड उत्तर देता आले नाही. ते येथे द्यावयाचे आहे.

आमचे घर साताऱ्यास, जुन्या बांधणीचे. पुढे सोपा, मागे विहीर, आणि विहिरीभोवती चार पावले हिंडता येईल एवढे परसू. २०१८ च्या दिवाळीत आमचा भाचा केरळातून आला, तो लिंबाच्या रंगाची, पण लिंबाहून मोठी अशी काही गुळगुळीत फळे घेऊन आला. पॅशनफ्रूट हे नाव आमच्या घरी तेव्हा प्रथम उच्चारले गेले. फळ कापले तेव्हा आत गर असा नव्हताच. प्रत्येक काळ्या बीभोवती केशरी रसाची एकेक पिशवी, आणि सगळ्या घराला पुरून उरेल एवढा सुवास. आंबटपणाने मुलांनी डोळे मिटले. आईने मात्र बिया धुऊन, वाळवून एका फुटक्या कुंडीत टाकल्या. त्यांतून सात रोपे उगवली.

येथे आमच्या शहाणपणाचा पहिला अंक सुरू होतो. आई म्हणाली, "दोन तरी ठेव. एकटे झाड बरे वाटत नाही, जोडी असू दे." आम्ही बागकामाची पुस्तके वाचलेली. गर्दीत रोपे खुरटतात, सशक्त ते एक राखावे, हे आम्हांस पाठ. सात रोपांतले अंगाने भरलेले एक आम्ही विहिरीपाशी लावले आणि उरलेली सहा उपटून टाकली. आई काही बोलली नाही. ती अशा वेळी बोलत नाही.

वेल झपाट्याने वाढली. रहाटाच्या लोखंडी चौकटीवरून ती न्हाणीघराच्या पत्र्यावर गेली आणि २०१९ च्या पावसाळ्यात फुलली. फूल पाहताच घरच्या बायका एकदम म्हणाल्या, "अग बाई, हे तर कृष्णकमळ!" आणि ते खरेच होते. आपल्या अंगणातले जांभळे कृष्णकमळ आणि हे पॅशनफ्रूट ह्या एकाच कुळातल्या बहिणी होत. ह्या वेलीचे फूल पांढरे, मध्ये जांभळ्या मुळाच्या कुरळ्या तंतूंचे वलय. रोज दुपारी ती पाच-पन्नास फुले उघडी, संध्याकाळी आई त्यांतली दोन बाळकृष्णाला वाही, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली सगळी फुले देठासकट गळून विहिरीत पडत. फळ एकही नाही. २०१९ गेले, २०२० गेले, २०२१ ही गेले. शेणखत घातले, ताक ओतले, पाणी वाढवले, मग पाणी तोडले. एका शेजाऱ्यांनी तर कुऱ्हाड खांद्यावर घेऊन वेलीला दटावण्याचा जुना उपाय सुचविला, आणि सांगावयास लाज वाटते, पण एका रविवारी कोणी पाहत नाही असे बघून आम्ही तोही करून पाहिला.

शेवटी २०२२ च्या भाद्रपदात घरात ठरले की, दिवाळी झाली की वेल काढावी आणि त्या जागेवर दुचाकींसाठी पत्र्याची शेड घालावी. गड्याला सांगूनही ठेवले. आई एवढेच म्हणाली, "फुले तरी देते आहे ना?" पण फुलांसाठी इतकी जागा अडवून ठेवणे आमच्या हिशेबात बसेना.

त्याच वर्षी तिच्या मनात कावेरीचे तुलास्नान आले. गुडघे तिला साताऱ्याबाहेर जाऊ देत नव्हते. तेव्हा तिच्या वतीने आम्ही उभयतांनी जावे आणि येताना पाणी आणावे असे ठरले. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर धारवाडचे, त्यामुळे कानडी मुलखात आम्ही त्यांच्या पदराआडून हिंडतो हे आधीच सांगून टाकलेले बरे.

म्हैसुरापर्यंत आगगाडी आणि तेथून मडिकेरीपर्यंत सुमारे १२० किलोमीटरचा मोटारीचा रस्ता. कुशालनगरपाशी कावेरी ओलांडली की कोडगू लागते. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत ह्याच प्रांताला कूर्ग म्हटलेले असे. नदी ओलांडताच सपाटी संपते आणि चढ लागतो, तो जवळपास साडेतीन हजार फुटांवरच्या मडिकेरीपर्यंत सोडत नाही. दोन्ही अंगांना उंच झाडांच्या सावलीत कॉफीची बुटकी झुडपे, आणि त्या उंच झाडांच्या बुंध्यांना मिऱ्यांच्या वेली अशा चिकटलेल्या की, बुंधा दिसतच नाही. कोकणातली माणसे सुपारीवर मिरी चढवितात. येथे जे उभे असेल त्याच्यावर ती चढविलेली दिसली. ह्या मुलखात वेलीला आधार शोधावा लागत नाही, असे आम्ही तेव्हा सौ.ना सहज म्हटले. आमच्या विहिरीवरची वेल तेव्हा आमच्या मनातही नव्हती.

तलकावेरीविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. अगस्तींच्या कमंडलूतून कावेरी वाहू लागली ती येथे. खाली भागमंडलास कावेरी, कन्निका आणि गुप्त सुज्योती ह्यांचा संगम. १७ ऑक्टोबरला तूळसंक्रांतीच्या मुहूर्ताला वरच्या लहानशा कुंडिकेतले पाणी उसळते, त्याला तीर्थोद्भव म्हणतात. ते तीर्थ अंगावर घ्यावयास सारा कोडगू लोटतो. धुके एवढे दाट होते की शेजारचा मनुष्य आवाजावरून ओळखावा. गर्दीत कोडव स्त्रिया पुष्कळ होत्या. त्यांच्या लुगड्याच्या निऱ्या पाठीमागे असतात. कावेरी वेगाने वाहू लागली तेव्हा तिच्या लोटाने निऱ्या मागे ढकलल्या गेल्या, म्हणून तशा, असे त्या सांगतात. पाण्याची बाटली भरून घेतली, आईच्या नावाने डोक्यावर पाणी ओतून घेतले, आणि कुडकुडत परतलो.

उतरलो होतो मडिकेरीच्या उत्तरेस एका कोडव कुटुंबाच्या घरी. हल्ली तिकडे पुष्कळ घरे पाहुणे ठेवतात. घरधनीण सत्तरीच्या आतबाहेरच्या, सौ. त्यांना 'अम्मा' म्हणत. कोडव मंडळी मांसाहारी, त्यामुळे जेवणाची आम्हांस धास्ती होती. पण अम्मांनी आमच्यासाठी वेगळी चूल मांडल्यागत सगळी काळजी घेतली. तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, ज्यांना कडंबुट्टू म्हणतात, ते आणि भोपळ्याची भाजी असा पहिल्या रात्रीचा बेत होता. जेवणानंतर पेल्यात केशरी रंगाचे सरबत आले. पहिल्याच घोटाला सौ.नी आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिले. तो वास विसरण्यासारखा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मांनी आम्हांस परसात नेले. घरामागे जमीन थोडी सपाट चालून एकाएकी तुटते. २०१८ च्या ऑगस्टात कोडगूत जागोजाग दरडी कोसळल्या, माणसे गेली, घरे गेली, त्यांत अम्मांच्या घरामागचा उतारही गेला. त्यावर कॉफी होती आणि संत्र्यांची जुनी झाडे होती. "रात्री झाडे होती, सकाळी आभाळ होते," असे त्या सौ.ना म्हणाल्या. आवाजात काही नव्हते, जणू शेजारणीकडची वार्ता. उरलेल्या काठावर काय लावावे हा प्रश्न पडला. कॉफीचे रोप फळावर यावयास तीन-चार वर्षे घेणार. पॅशनफ्रूटची वेल वर्षाच्या आतबाहेर फळ देते. तारेचा मांडव घातला की ती स्वतःच पसरते. ती चार-पाच वर्षेच भरात राहते हे खरे, पण अम्मांना त्या वेळी चार-पाच वर्षांपलीकडचा विचार करण्याची सोय नव्हती. आम्ही गेलो तेव्हा त्या मांडवाखालच्या फळांच्या रसावर घरातल्या एका नातवाचे शिक्षण चालले होते.

मांडवाखाली वाळके गवत अंथरलेले. ही फळे तोडावयाची नसतात. पिकली की आपण होऊन गळतात, आणि रोज सकाळी ती वेचून आणावयाची. जांभळ्या फळाची साल सुरकुतली म्हणजे ते वाईट झाले असे नव्हे. उलट तेव्हाच त्याचा आंबटपणा उतरून गोडी येते. आम्ही बाजारातून आणलेली अशी फळे टवटवीत नाहीत म्हणून फेकून दिली असती. कच्चे फळ मात्र तोंडात घालू नये, त्यात विषारी अंश असतो. अम्मा गर चाळणीवर हाताने चोळून रस काढीत. यंत्रात घातला तर बिया फुटून रसाची चव बिघडते, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्याकडे तीन तऱ्हा होत्या. पूर्वेच्या कुंपणावर जांभळ्या फळाची, जी थंड डोंगराळ हवेत रमते. न्हाणीघराच्या छपरावर पिवळ्या फळाची, जी उष्ण सखल मुलखातही चालते. आणि काठावरच्या मांडवावर चेट्टळ्ळीच्या सरकारी उद्यानसंशोधन केंद्रात ह्या दोहोंच्या संकरातून काढलेली जात. तिचे नाव कावेरी. नदीचे नाव वेलीला देणारा मनुष्य कोणी कोरडा शास्त्रज्ञ नसावा, असे आमचे मत झाले.

सकाळी सातला आम्ही पाहिले तो जांभळीची फुले पूर्ण उमललेली आणि पिवळीच्या कळ्या घट्ट मिटलेल्या. अम्मा म्हणाल्या, ही पहाटेची, ती दुपारची. एक मिटावयास लागते तेव्हा दुसरी डोळे उघडते. बारा वाजता मुद्दाम जाऊन बसलो. खरोखरच एकेक कळी आमच्यासमोर उघडू लागली.

हे फूल इतक्या जवळून, इतका वेळ बसून आम्ही कधी पाहिले नव्हते. पाच निदले, पाच पाकळ्या. त्यांवर तंतूंचे वलय. मधोमध एक दांडा, त्यावर पाच पुंकेसर तोंडे खाली करून टांगलेले, त्यांच्या वर अंडाशय आणि त्याच्याही वर तीन स्त्रीकेसर. आपल्याकडे हे तंतू म्हणजे शंभर कौरव, पाच केसर म्हणजे पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णु-महेश आणि मधला गोल तो श्रीकृष्ण, असे आजी नातवंडांना सांगतात. लहानपणी आम्ही कौरव मोजले होते. ते शंभर भरत नाहीत, कधी कमी, कधी जास्त. गंमत अशी की, जे कृष्णकमळ आपण अंगणात लावतो ते मूळचे भारताचे नव्हेच. अमेरिका खंडातून आलेल्या ह्या वेलीत स्पॅनिश पाद्र्यांनी आपला ख्रिस्त पाहिला. वलय हा त्याच्या मस्तकावरचा काट्यांचा मुकुट, तीन स्त्रीकेसर हे तीन खिळे, पाच केसर ह्या पाच जखमा, आणि दहा पाकळ्या म्हणजे पीटर व जूडास हे दोन वगळून उरलेले दहा शिष्य. रोमच्या जाकोमो बोसिओने १६१० साली छापलेल्या आपल्या क्रूसावरील ग्रंथात ह्या फुलाला मोठ्या थाटाने स्थान दिले. पॅशन म्हणजे येथे प्रेम नव्हे, तर ख्रिस्ताच्या यातना. जपानी लोकांनी मात्र ह्यात देवही पाहिला नाही आणि युद्धही पाहिले नाही. ते ह्याला घड्याळाचे झाड म्हणतात. आपल्या आज्यांनी ह्याच फुलात अख्खे महाभारत बसविले, आणि ते इतके चपखल बसविले की, व्यासांनी फूल पाहूनच पात्रे मोजली असावीत असे वाटावे.

आम्ही हे सारे विद्वत्तेने अम्मांना ऐकवीत होतो आणि सौ. त्याचे कानडी करीत होत्या. त्यांचे धारवाडी कानडी ऐकून अम्मांना अधूनमधून हसू फुटे. एवढ्यात डोक्यावरून विमानासारखा घूं घूं आवाज करीत एक काळाकुळकुळीत भुंगा आला. त्याच्या पंखांवर निळी झाक होती. तो फुलावर उतरला, वलयाच्या मुळाशी असलेल्या मधाच्या खाचेत तोंड घालून गोल गोल फिरू लागला, आणि त्याची पाठ वर टांगलेल्या पाचही केसरांना घासली. उडाला तेव्हा पाठीवर पिवळा पराग माखलेला. पुढच्या फुलावर तो तसाच फिरला. त्या फुलाचे तीन स्त्रीकेसर एव्हाना वाकून खाली आले होते, ते त्याच्या पाठीला टेकले. काम झाले. मग एक साधी मधमाशी आली. ती एवढीशी की खालून मध पिऊन गेली, वरच्या कोणाला तिचा पत्ताही नाही. परागकण जड व चिकट, ते वाऱ्याने उडत नाहीत. त्या फुलाची बांधणीच जणू भुंग्याच्या अंगाचे माप घेऊन केलेली आहे.

आम्ही अम्मांना आमची कर्मकथा सांगितली. चार वर्षे फुले, फळ नाही. त्यांनी विचारले, फळ कोणत्या रंगाचे? पिवळे. वेली किती? एक.

"ओंदे?" म्हणजे एकच? असे म्हणून त्या हसू लागल्या. जांभळी एकटीसुद्धा फळते. पिवळी मात्र स्वतःचा पराग स्वीकारीत नाही. एका वेलीची हजार फुले असोत, ती सगळी एकाच अंगाची. त्यांनी आपापसांत कितीही देवघेव केली तरी स्त्रीकेसर तो पराग आपला म्हणून ओळखतो आणि रुजू देत नाही. दुसऱ्या बीजाची, दुसऱ्या रक्ताची वेल शेजारी पाहिजे. त्यांच्या न्हाणीघरावर आम्हांस एक वाटलेल्या वेली दोन होत्या. एक माहेराहून आणलेली, दुसरी नणंदेकडची. आपल्याकडची पुष्कळशी कृष्णकमळेही ह्याच कारणाने वांझ राहतात, कारण आपण ती एकमेकींकडून फांदी मागून लावतो, म्हणजे सगळ्या आळीत मिळून वेल एकच असते.

सात रोपे एकाच फळातली असली तरी प्रत्येक बी निराळे. त्यांतली दोन-तीन राहिली असती तर एखादीशी जुळण्याचा संभव होता. आई म्हणाली होती, जोडी असू दे.

एवढ्यावर भागते तर बरे होते. न्हाणीघराच्या भिंतीपाशी जुन्या वाशांचा ढीग होता, आणि त्यांना बोट जाईल एवढी अगदी गोल भोके. भुंगे त्यांत येत-जात होते. ते लाकूड खात नाहीत, फक्त कोरून आत घर करतात आणि पिल्लांसाठी पराग साठवितात. कोरड्या लाकडाला भेदणारा हा भ्रमर कोवळ्या कळीत अडकून राहतो हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला दृष्टांत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. अम्मांनी सांगितले की, ते वासे त्या मुद्दाम जाळीत नाहीत. आमच्या पोटात धस्स झाले ते ह्याच वाक्याला. २०१९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे वेल फुलण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, आमच्या सोप्याच्या तुळईला अशीच भोके दिसली होती. घर पोखरले जाते म्हणून आम्ही सुतार बोलावून सगळी भोके लांबीने बुजवून घेतली, वर तेलरंगाचा हात मारला, आणि तुळई वाचवल्याच्या समाधानात चहा घेतला. त्यानंतर काही दिवस भुंगे तुळईपाशी घिरट्या घालीत होते. मुले घाबरत म्हणून आम्ही त्यांना पंचाने हाकलले होते. हा भाग आम्ही अम्मांना सांगितला नाही. सौ.नी सांगितला.

निघताना अम्मांनी आपल्या दोन पिवळ्या वेलींच्या प्रत्येकी दोन अशा चार काटक्या कापून दिल्या. बोरूइतक्या जाड, तीन-तीन डोळ्यांच्या. पाणी साचू देऊ नका, मूळ कुजते. आणि फूल उमलल्यावर लगेच पाऊस आला तर त्या दिवसाची आशा सोडा, कारण पराग भिजला की फुटतो, एवढे दोन उपदेश केले. पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडच्या सरबताच्या बाटल्या मात्र आम्ही झेपतील तितक्या विकत घेतल्या.

घरी परतल्यावर प्रथम गड्याला निरोप पाठविला की वेल काढू नकोस. दुचाकी अजून पावसात भिजतात. चार काटक्यांपैकी दोन वाळून गेल्या, दोन जगल्या. नशिबाने दोन निरनिराळ्या वेलींच्या. विहिरीच्या दोन बाजूंना त्या लावल्या. तुळईची लांबी काढण्याचे धैर्य झाले नाही. त्याऐवजी परसात बांबूचे वाळके तुकडे आणि एका जुन्या खाटेचा दांडा टांगून ठेवला. पाहुणे विचारीत, हे काय? आम्ही सांगत असू, भाड्याने द्यावयाची जागा.

२०२३ साली श्रावण अधिक आला. निज श्रावणात आमच्या एका नव्या वेलीला कळ्या धरल्या. त्या ऑगस्टात पावसाने अशी ओढ दिली की, शंभरांहून अधिक वर्षांत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. शेतकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते, आणि कोरड्या दुपारींचा लाभ आमच्या परागाला मिळत होता. हे लिहिताना आनंदच वाटतो असे नाही. भुंगा मात्र आला नव्हता. तेव्हा नारळी पौर्णिमेच्या दिवशी, राख्या बांधून झाल्यावर, दुपारी दोनच्या सुमारास आम्ही नातीच्या रंगपेटीतला कुंचला घेऊन परसात गेलो. आई कठड्याशी खुर्ची टाकून बसली. नव्या वेलीचा पराग जुनीच्या फुलांना, जुनीचा नवीच्या फुलांना. स्त्रीकेसर वाकून खाली येईपर्यंत थांबावे लागते. काही फुलांत ते ताठच राहतात, ती फुले फळत नाहीत, हे अम्मांनी दाखवून ठेवले होते. त्या दिवशी बावीस फुले झाली. आई मोजीत होती. मध्येच म्हणाली, "पुरुषांना लग्ने लावायला फार उशिरा सुचते."

तिसऱ्या दिवशी नऊ फुले गळली. तेरा राहिली. देठावरचे ते हिरवे मणी लिंबाएवढे होईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोललेदेखील नाही, इतकी आम्हांस दृष्टीची भीती. भाद्रपदात एक वादळी पाऊस झाला, त्यात दोन गेली. आश्विनात एका दुपारी न्हाणीघराकडून घूं घूं ऐकू आले. आम्ही हातातले वर्तमानपत्र टाकून धावलो. एकटाच भुंगा होता. खाटेच्या दांड्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही, पण फुलांवर तो अर्धा तास होता, आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

भाऊबीजेच्या सकाळी विहिरीच्या कठड्याखाली पहिले पिवळे फळ पडलेले आईलाच प्रथम दिसले. ते हातात घेऊन ती देवघराच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. "परदेशातले फळ बाळकृष्णापुढे चालते का रे?" आम्ही म्हटले, सीताफळ, पेरू, पपई ही सारी त्याच खंडातून आलेली; एकीला तर आपण सीतेचे नावही दिले. तुझ्या एकादशीच्या फराळातला बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि साबूदाण्याचा कंदसुद्धा तिकडचाच. साबूदाण्याचे तिला खरे वाटले नाही. अजूनही वाटत नाही. पण फळ तिने बाळकृष्णापुढे ठेवले, आणि थोड्या वेळाने नैवेद्य झाला म्हणून कापावयास दिले.

चमचाभर गर तोंडात घालून तिने डोळे मिटले, साखर मागितली, आणि मग बशीतल्या बिया पदराच्या टोकाने एकीकडे गोळा करीत म्हणाली, "ह्या धुऊन वाळत घाल. आणि उगवतील त्या सगळ्या ठेव. तू हात लावू नकोस."

एकूण सव्वीस उगवल्या. विहिरीपाशी जागा तिघींनाच आहे. बाकीच्या कुंड्या आम्ही आळीत वाटीत आहोत. ज्यांच्याकडे एकटी वेल आहे त्यांना प्रथम.